सारा, फी आणि शाळेचा दरवाजा

सरकारी शाळा महाग पडते आणि खाजगी शाळा तेच काम निम्म्याहून कमी पैशांत करते, असा एक हिशेब गेली काही वर्षे मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो. मांडणारे बहुधा अर्थशास्त्राचे जाणकार असतात आणि त्यांच्या हातात आकडे असतात. तेव्हा केवळ भावनेच्या बळावर त्यांना उत्तर देता येत नाही. परंतु हा हिशेब नवा आहे असा जो समज आपल्या विद्यार्थ्यांत आणि काही कार्यकर्त्यांतही दिसतो, तो मात्र खरा नाही. मुंबई इलाख्यात हा वाद १८८२ साली हंटर आयोगापुढे झाला होता, आणि खर्च, दर्जा व मालकी हे तिन्ही प्रश्न तेव्हाही एकत्रच आले होते. तेव्हापासून हिशेब करणारे बदलत गेले. मात्र त्यांच्या वहीतून एक रकाना सतत गळत आला आहे. ज्या मुलाला शाळेने आत घेतलेच नाही, त्याचा रकाना.

जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, निदान बाराव्या वर्षापर्यंत तरी करा, ही त्यातील मागणी सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच निवेदनात जोतीरावांनी तत्कालीन देशी खाजगी शाळांची जी झडती घेतली आहे, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. सरकारी अहवालाचा हवाला देऊन ते सांगतात की, इलाख्यात अशा १,०४९ शाळा असून त्यांत २७,६९४ मुले शिकतात. फी दोन आण्यांपासून आठ आण्यांपर्यंत. शिकवणे म्हणजे पाढे घोकून घेणे, थोडे मोडी लिहिणे-वाचणे आणि काही धार्मिक पाठांतर. शिक्षक बहुधा ब्राह्मण समाजातीलच, परंतु दुसरे कुठलेही पोटापाण्याचे साधन न उरल्यामुळे या धंद्यात पडलेले. त्रैराशिकाच्या पलीकडे त्यांचा हिशेब जात नाही आणि अध्यापनाची तालीम त्यांना मिळालेली नाही. म्हणजे शाळा स्वस्त होती हे खरे, पण ती कशामुळे स्वस्त होती? शिक्षक अर्धपोटी होता आणि अर्धशिक्षित होता म्हणून. जोतीरावांनी यावर सुचवलेला उपाय स्वस्ताईचा नव्हता. शिक्षक प्रशिक्षित असावा, शेतकरी वर्गातून आलेला असावा, त्याला दरमहा बारा रुपयांहून कमी पगार असू नये, मोठ्या गावी पंधरा-वीस असावा, असे ते म्हणतात. शिक्षकाच्या पगारावर काटकसर करून शाळा चालत नाही, हे त्यांना स्वतः शाळा चालवून कळले होते. १८४८ पासूनचा तो अनुभव होता.

दुसरा मुद्दा निकालावर अनुदान देण्याच्या पद्धतीचा. जितकी मुले इन्स्पेक्टरच्या परीक्षेत उतरतील तितके पैसे शाळेला द्यायचे, अशी ती पद्धत होती. वरवर पाहता यापेक्षा न्याय्य काय असणार? काम दाखवा, दाम घ्या. जोतीराव म्हणतात, गरीब व अडाणी लोकांत शिक्षण पसरवायला ही पद्धत उपयोगी नाही; कारण तेथे अजून शिक्षणाची गोडीच निर्माण झालेली नाही, आणि अशा लोकांत स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढून कोणाही शिक्षकाचे पोट भरणार नाही. म्हणून तेथे सरकारी शाळाच हव्यात, आणि मुलांना खास उत्तेजनही हवे. आजच्या भाषेत सांगायचे तर, ज्या गिऱ्हाइकाच्या खिशात काही नाही त्याच्या दारात बाजार जात नाही. शाळा-महाविद्यालयांतून सरकारने अंग काढून घ्यावे या विचारालाही त्यांनी याच निवेदनात स्पष्ट विरोध केला आहे. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर, ही त्यांची मूळ तक्रार होती. सारा भरणारा एक आणि शिकणारा दुसरा. खर्चाची तुलना करायची तर तेथून करायला हवी.

या बाबतीत धारवाडचे प्रकरण बोलके आहे. जून १८५६ मध्ये एका महार मुलाने धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो नाकारला. युक्तिवाद असा की, एका मुलाला घेतले तर बाकीचे सोडून जातील आणि शाळाच निरुपयोगी होईल. कंपनीच्या संचालकांनी १८५८ मध्ये कळवले की सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांना खुल्या असाव्यात. मग मुंबई सरकारने जो निर्णय घेतला तो नीट वाचला पाहिजे. ज्या शाळांचा संपूर्ण खर्च सरकार करते त्या सर्वांना खुल्या राहतील. पण ज्या शाळांच्या खर्चाचा काही वाटा स्थानिक लोक उचलतात आणि ज्यांच्या आश्रयदात्यांची हरकत आहे, तेथे खालच्या जातींच्या मुलांना घालण्याचा सरकारचा विचार नाही. जातीमुळे कोणाला शिक्षण नाकारणाऱ्या शाळेची मदत थांबवण्याचा हक्क मात्र सरकारने आपल्याकडे राखून ठेवला.

याचा अर्थ सरळ आहे. दरवाजा कोणासाठी उघडणार हे शाळेला पैसे कोण देतो यावर ठरले. वर्गणीदाराला शाळेवर हक्क मिळाला आणि त्या हक्कात आपल्या मुलाला बाहेर ठेवण्याचा हक्कही आला. फी, वर्गणी, देणगी ही केवळ खर्च भागवण्याची साधने नसतात. त्यांच्याबरोबर मालकी येते आणि मालकीबरोबर नकार देण्याचा अधिकार. प्रति-विद्यार्थी खर्चाच्या कोष्टकात हे बसत नाही.

अर्थात सरकारी शाळा आपल्यासाठी आईची कूस होती असे कोणी म्हणेल तर तेही खोटे ठरेल. कायद्याने खुला झालेला दरवाजा गावच्या मास्तराने ओसरीपर्यंतच उघडला. भीमराव आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले, पण त्या मुलाला बसायला घरून गोणपाट न्यावे लागत होते आणि नळाला हात लावायची मुभा नव्हती. धारवाडचा निर्णय होऊन चाळीसहून अधिक वर्षे लोटली होती. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांना मुंबई कायदेमंडळात ठराव आणावा लागला, त्यात सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळांचाही उल्लेख आहे. जे आधीच खुले होते ते पुन्हा खुले करावे लागत होते! उलट जोतीरावांना इंग्रजी शिक्षण मिळाले ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत, आणि १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाचा निबंध लिहिणारी मुक्ता साळवे शिकली ती जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत. कायद्याच्या भाषेत या खाजगीच शाळा. तेव्हा सरकारी तेवढे आपले आणि खाजगी तेवढे परके, अशी भाबडी विभागणी इतिहास मान्य करत नाही.

हंटर आयोगाने माध्यमिक व उच्च शिक्षणातून सरकारने हळूहळू मागे सरावे, खाजगी प्रयत्नांना अनुदान द्यावे आणि प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे सोपवावे अशी शिफारस केली. या एका शिफारशीने महाराष्ट्रातील शिक्षणाचा नकाशा आजतागायत ठरवला आहे. हायस्कूल संस्थेचे आणि पगार सरकारचा, हा जो आपल्याकडचा खास प्रकार आहे त्याचे मूळ येथे आहे. ज्यांच्याजवळ आधीच विद्या, वर्गणीदार आणि सरकारदरबारी ओळख होती त्यांनी संस्था काढल्या. त्यांतील काही उत्तम होत्या. पण त्या कोणत्या पेठेत निघाल्या आणि कोणत्या वस्तीत निघाल्या नाहीत, हेही पाहावे लागते. याच काळात संस्थानांनी दुसरी वाट दाखवली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सबंध बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. ब्रिटिश मुलखात गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९१२ साली पडले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीरात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना एकाच शाळेत बसवले. खर्च परवडत नाही हे कारण एवढ्या मोठ्या साम्राज्याला होते, कोल्हापूरला नव्हते.

बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात गेले आणि १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. त्या भाषणात त्यांनी केलेला हिशेब आजही अभ्यासावा असा आहे. प्राथमिक शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. सरकार दर माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्च करते, आणि दारूवरील करातून दर माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी सुमारे ३६ टक्के आणि हायस्कुलांच्या खर्चापैकी सुमारे ३१ टक्के रक्कम मुलांच्या फीमधून येते. हे शिक्षणाचे व्यापारीकरण आहे, असे ते म्हणाले. शिक्षण ही पैसे मोजून घेण्याची वस्तू मानू नका, खालच्या वर्गांसाठी ते शक्य तितके स्वस्त करा, असा त्यांचा आग्रह होता. ध्यानात घ्या, येथे ‘स्वस्त’ म्हणजे शिकणाऱ्याला स्वस्त. शिक्षकाला उपाशी ठेवून सरकारला स्वस्त नव्हे. आजच्या चर्चेत या दोन स्वस्तायांची सोयीस्कर गल्लत होते.

पुढच्याच वर्षी सायमन आयोगाला दिलेल्या शैक्षणिक निवेदनात बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपल्याला थोडी अडचणीची वाटू शकते. प्राथमिक शिक्षण स्थानिक स्कूल बोर्डांच्या हाती देणे थांबवा, नाहीतर अस्पृश्यांच्या शिक्षणाची पिछेहाट होईल. म्हणजे ‘सरकारी’ या एका शब्दाखाली मुंबईचे सचिवालय आणि गावची सत्ता या दोन निराळ्या गोष्टी असतात, आणि दुसरीवर त्यांचा विश्वास नव्हता. असा अविश्वास मनात ठेवूनच सरकारी शाळेची बाजू घ्यावी लागते.

आणि त्याच बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ, १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद. ही खाजगी संस्था. कर्मवीर भाऊराव पाटलांची १९१९ ची रयत शिक्षण संस्थाही खाजगीच. मग यांना आणि आजच्या काचेच्या इमारतीतल्या इंटरनॅशनल स्कूलला एकाच रकान्यात घालायचे काय? आकडेशास्त्र तसेच घालते. फरक पैशाच्या दिशेत आहे. एके ठिकाणी संस्था पैसा गोळा करून मुलाकडे नेत होती. दुसरीकडे मुलाकडून गोळा होऊन पैसा संस्थेकडे जातो. मिलिंदमध्ये मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली मुले टिकली ती वसतिगृहावर आणि १९४४ पासून सुरू झालेल्या भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर. म्हणजे खाजगी संस्थेचा दरवाजा आणि सरकारची पावती, दोन्ही मिळून ते घडले.

स्वातंत्र्यानंतर हे गणित काही काळ आपल्या बाजूने झुकले. वार्षिक बाराशे रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्यांच्या मुलांची फी माफ झाली, १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या, वाडीवस्तीवर एकशिक्षकी का होईना शाळा गेली. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, पुढे अनुदानित हायस्कूल, समाजकल्याणचे वसतिगृह, शिष्यवृत्ती. माझ्या शिक्षणावर वडिलांचा रोख खर्च किती झाला हे मी एकदा मांडून पाहिले. वह्या, एस.टी.चे पास आणि दहावीच्या परीक्षेचा फॉर्म यांपलीकडे फारसे काही निघाले नाही. बाकीचा खर्च कोणी केला? या राज्यात काडेपेटी विकत घेणाऱ्या प्रत्येक माणसाने केला, कारण कर त्यावरही होता. त्यात माझे वडीलही आले. म्हणून फुकट शिकलो असे मी म्हणत नाही.

१९८३ पासून वारे फिरले. विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, आणि देणगीचा एवढा बोभाटा झाला की १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला. वरच्या मजल्यावर जे आधी झाले ते मग खाली उतरले. ‘कायम विनाअनुदानित’ नावाचा प्रकार शाळांतही आला. २००९ साली त्यातला ‘कायम’ शब्द काढला गेला, तोवर आणि त्यानंतरही कित्येक शिक्षकांनी वर्षानुवर्षे बिनपगारी शिकवले. २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा रस्ता मोकळा झाला. या शाळांत वेतनश्रेणी पाळली जाते की नाही आणि राखीव जागा भरल्या जातात की नाही, हे विचारायला कोणी जात नाही. आपल्या मुलांचे शिकणे आणि आपल्या मुलांची मास्तरकी, दोन्ही वाटा एकाच वेळी अरुंद झाल्या. या सगळ्यात सरकारही खाजगीकडून स्वस्ताई शिकले. २००० साली शिक्षणसेवक योजना आली, प्राथमिक शिक्षणसेवकाला दरमहा तीन हजार रुपये मानधन. जोतीरावांनी ज्याचा धिक्कार केला तो अर्धपोटी मास्तर सरकारने स्वतःच्या शाळेत आणून बसवला. पुढे मानधन वाढत गेले, पण तत्त्व राहिलेच.

आता आजचे आकडे. केंद्र सरकारच्या २०२५ च्या नमुना पाहणीनुसार देशात सरकारी शाळेतील मुलामागे कुटुंबाचा वार्षिक खर्च सरासरी २,८६३ रुपये, तर इतर शाळांत २५,००२ रुपये आहे. घरच्या खिशातून पाहिले तर जवळजवळ नऊपट. सरकारच्या खिशातून पाहिले तर चित्र उलटे दिसते, आणि खाजगीचे समर्थक तेच दाखवतात. या बाजूचा सर्वांत काळजीपूर्वक झालेला अभ्यास जुन्या आंध्र प्रदेशातील १८० खेड्यांचा आहे. तेथे सोडत काढून काही मुलांना खाजगी शाळेची फी दिली आणि चार वर्षांनी चाचणी घेतली. तेलुगू, गणित, इंग्रजी यांत दोन्हीकडची मुले सारखीच निघाली. हिंदीत खाजगीतली पुढे होती, कारण तेथे हिंदीला तास होता. मात्र खाजगी शाळेचा प्रति-विद्यार्थी खर्च सरकारीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होता. हा निष्कर्ष मी नाकारत नाही. पण त्याची दुसरी बाजूही त्याच अभ्यासात आहे: खाजगीतल्या शिक्षकांचे शिक्षण व प्रशिक्षण कमी आणि पगार फारच कमी होता. सगळी बचत बहुतांशी तेथूनच निघते. आणि खाजगी शाळेत घातले की मूल आपोआप हुशार होते, हा समज तर त्याच चाचणीने मोडीत काढला आहे.

प्रति-विद्यार्थी खर्च हा एक भागाकार आहे, हेही विसरता कामा नये. दोन शिक्षकांच्या शाळेत साठ मुले असतील तर खर्च रास्त दिसतो. गावात पिवळी गाडी येऊ लागली, ज्यांच्या हाती दोन पैसे होते त्यांनी मुले काढून तिच्यात बसवली, शाळेत अठरा उरली, की तोच खर्च तिपटीहून वाढतो. शिक्षक तेच, खडू तोच, फक्त छेद लहान झाला. मग तो वाढलेला आकडा दाखवून शाळा परवडत नाही असे म्हणायचे. २०१७ च्या अखेरीस दहाहून कमी पट असलेल्या तेराशेहून अधिक शाळा बंद करून मुलांना दुसरीकडे हलवण्याचा निर्णय झाला. त्यानंतर वीसच्या आतील पटाच्या शाळांची चर्चा आणि समूहशाळांची कल्पना आली. ही उरलेली अठरा मुले कोणाची असतात हे पटावरची आडनावे वाचून कोणीही सांगेल. वस्तीतली, तांड्यावरची, ऊसतोडीला गेलेल्यांची, आणि त्यांत मुली जास्त. शिवाय निवडणूक, जनगणना ही कामे कायद्याने याच शिक्षकाकडे. त्याचा पगार पूर्ण शिक्षणखात्यावर पडतो, दिवस मात्र पूर्ण पडत नाहीत.

म्हणून मोलमजुरी करून पोराला इंग्रजी शाळेत घालणाऱ्या आईला अडाणी म्हणणे मला मान्य नाही. आपल्यातले काही कार्यकर्ते तसे बोलतात, आणि त्यांची स्वतःची मुले कोठे असतात ते विचारू नये. ती आई दर्जा विकत घेते की नाही हे वादाचे आहे. पण ती इंग्रजी विकत घेते आहे, आणि गावच्या शाळेत वर्षभर रिकाम्या राहिलेल्या खुर्चीपासून सुटका विकत घेते आहे. इंग्रजीचे मोल जोतीरावांना कळत होते, बाबासाहेबांना कळत होते. राज्याने २००० मध्ये मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली ती याच दबावाने. सेमी-इंग्रजी सुरू करणाऱ्या जिल्हा परिषदेच्या काही शाळांत मुले परत आलेली मी पाहिली आहेत. लोक मालकी पाहून जात नाहीत. शिकवणारा जागेवर आहे का, एवढे पाहतात.

राहता राहिला पंचवीस टक्क्यांचा मार्ग. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांसाठी चौथा हिस्सा जागा राखल्या, आणि फीची भरपाई सरकार करते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खाजगी शाळेला हे बंधन नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. निकालाचा आनंद झाला आणि व्हायलाच हवा होता. परंतु १८५८ मध्ये ‘खर्च आमचा, म्हणून मुले आमची’ म्हणणारा वर्गणीदार आणि या जागांवर कुरकुर करणारा संस्थाचालक यांचे नाते ओळखू येते. आणि सोडतीत नाव न लागलेल्या मुलाला पुन्हा त्याच गळक्या छपराच्या शाळेत यावे लागते.

त्या शाळेबाबत कायद्याने एक गोष्ट आपल्या हाती दिली आहे. प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती, तीत तीन-चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया, आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. १९२८ मध्ये बाबासाहेबांना ज्या गावसत्तेचा भरवसा वाटत नव्हता, तिच्यात शिरण्याची ही कायदेशीर फट आहे. मी ज्या थोड्या शाळांच्या वह्या पाहिल्या त्यांत सह्या आणि अंगठे होते, सभा झाल्याची खूण नव्हती. शाळेचा पट कमी का झाला याची चर्चा तर एकाही वहीत नव्हती. माझ्या वर्गातील सहा-सात मुलामुलींनी आपापल्या गावच्या शाळेचे गेल्या दहा वर्षांचे पट, शिक्षकांच्या रिकाम्या जागा आणि या समितीची इतिवृत्ते उतरवून घ्यायला सुरुवात केली आहे. दोन ठिकाणी मुख्याध्यापकांनी वही दिली नाही. तेथे आता पालकांकरवी अर्ज गेला आहे.